देठं खुडणारी बाई

शिरीनने उजवा हात कोपरापर्यंत गोणीत खुपसला. वरच्या मिरच्या लालभडक, तजेलदार होत्या. त्यांच्याकडे तिने पाहिलंही नाही. तळाशी गेलेली बोटं जरा वेळ तिथंच थांबली आणि मूठभर मिरच्या घेऊन बाहेर आली. एक मिरची तिने कानाजवळ धरून हलवली. दुसरी मधोमध मोडली, वास घेतला आणि ट्रॉलीच्या फळीवर ठेवून दिली.

"भाऊ, खालना माल ओला शे."

"आठ दिन उन्हमा व्हता, बाई," शेतकरी म्हणाला.

"वरला व्हता. खाले ताडपत्रीना घाम लागेल शे. देखा, बिया वाजतस नही."

शेतकऱ्याने आशेने हेमकांतकडे पाहिलं. हेमकांत पाटील खुर्चीत बसून फोनवर बोलत होता. त्याने फोन छातीशी धरला आणि तिथूनच सांगितलं, "बाई सांगस ते ऐक. दोन दिन पसराले लाव, मंग लई ये." आणि परत फोन कानाला लावला.

चार वर्षं हे असंच चाललं होतं. नंदुरबारबाहेरच्या रस्त्याला लागून हेमकांतची पथारी होती. चोपून सपाट केलेली चार एकर जमीन, आणि तिच्यावर दिवाळीपासून होळीपर्यंत वाळत पडलेली मिरची. कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये साठेक बाया तोंडाला फडकी बांधून देठं खुडायच्या. निम्म्या मोलगीकडच्या डोंगरातून हंगामापुरत्या उतरलेल्या, निम्म्या गावातल्या गल्ल्यांमधून पायी येणाऱ्या. शिरीन त्यांच्यातच आली होती. पहिल्याच हंगामात एकदा तिने बाजूने चाललेली गोणी थांबवून "यातली मिरची कुजणार" असं सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. आठवड्यात ती गोणी उकिरड्यावर गेली. त्यानंतर माल आला की हेमकांत शेडकडे तोंड करून हाक मारायचा, "शिरीन!" आणि ती हात झटकत उठायची. मजुरी मात्र देठं खुडण्याचीच मिळायची.

त्या दिवशी शेतकरी गेल्यावर हेमकांतने तिला ऑफिसात बोलावलं. शेजारी नव्या यंत्राची शेड उभी राहिली होती. तिला काचेची एक खोली होती आणि काचेवरचा कागद अजून काढलेला नव्हता.

"बठ," तो म्हणाला. खुर्चीत बसायला त्याने तिला पहिल्यांदाच सांगितलं होतं. "मोठी कंपनी शे. आते माल सरळ तिले जाई. पन प्रत्येक गाडीवर एक जबाबदार मानूसनी सही लागस. प्रतवारी प्रमुख. मी तुन्हंच नाव देस. दुसरं कोन शे आठे?"

शिरीनने ओढणीच्या टोकाने बोटं पुसली. पुसण्यासारखं काही नव्हतं. मिरचीचा रंग नखांमध्ये कायमचा बसला होता.

"पगारी नोकरी व्हई. ओळखपत्र भेटी, फोटोवालं. हाऊ फॉर्म भरी लय."

फॉर्म चार पानी होता. तिने तो घडी न घालता, दोन हातांत धरून घरी नेला.

*

तिसऱ्या पानावर तो प्रश्न होता. आपणास कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय? होय / नाही. असल्यास तपशील.

तिची आई नजमुन्निसा दारात तांदूळ निवडत बसली होती. घरात त्या दोघीच. शिरीनचे वडील सत्तार बांगड्या विकायचे. ती धुळ्याच्या तुरुंगात असताना ते गेले. शिरीनच्या नवऱ्याने त्याआधीच तलाक पाठवला होता.

"नहीं पे निशान कर दे," आई म्हणाली. "कौन देखने आ रहा?"

"साथ में पुलिस का दाखला लगता है, अम्मी."

"तो फॉर्मच मत भर. वापस कर दे."

शिरीन पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिली. गेल्या सात वर्षांत तिने सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या होत्या. शाळेच्या खिचडीच्या स्वयंपाकघरात तिने काही सांगितलं नव्हतं; बाराव्या दिवशी कुणीतरी सांगितलं आणि पोरांच्या आया फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. एका दवाखान्यात झाडलोटीच्या ठेकेदाराला तिने आधीच सांगितलं होतं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, खरं बोलल्याबद्दल शाबासकी दिली आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला. शिलाईच्या दुकानात मालकाची बायको कात्र्या मोजून कपाटात ठेवू लागली, तेव्हा शिरीनच उठून निघून आली. आणि एक लॉजवाला. त्याला तुरुंगाची अजिबात अडचण नव्हती. "आता तुला कशाची लाज असणार?" असं म्हणत त्याने दरवाजा लोटून घ्यायला सुरुवात केली होती. त्या वेळी ती दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून खोलीबाहेर पडली होती. आपल्या हातांचं तिला तेव्हापासून फार भान असायचं.

तिने 'होय'भोवती गोल केला. तपशिलासाठी बोटभर जागा होती. तिथे लिहिलं: सन २०१४. मारहाण. तीन वर्षे सक्तमजुरी. शिक्षा पूर्ण भोगली. शेवटचे दोन शब्द ओळीत मावेनात, म्हणून ते तिने समासात उभे लिहिले.

दुसऱ्या दिवशी हेमकांतने फॉर्म वाचला. तिसऱ्या पानावर तो थांबला. काचेच्या खोलीचं दार त्याने पायाने लोटून घेतलं.

"हाई काय लिखं तू?"

"इचारेल व्हतं ते लिखं."

"अशी कशी येडी तू?"

"तुम्हले माहीत नव्हतं का, शेठ?"

"माहीत व्हतं. तुन्हा मामानी सांगेल व्हतं माले, पहिल्याच दिनले. चार वरीस व्हयनात. मी कधी एक सबद काढा का त्यावर?"

"नही."

"मंग लिखाले कोनी सांगं?"

तो खरोखरच चिडला होता. इतकी वर्षं आपण पोटात ठेवलेली गोष्ट या बाईने निळ्या शाईने उघडी पाडली, याचा त्याला राग आला होता. त्याने फॉर्मची घडी केली, पुन्हा घडी केली आणि ती टेबलाच्या खणात टाकली.

"पोलिसना दाखला लागस ना संगे," शिरीन म्हणाली. "मी नही लिखं तरी समजनंच असतं."

"ते मी देखी लेतू." मग त्याचा आवाज खाली आला. "आते कंपनीले हाऊ कागद दखाडता येवाव नही. जाऊ दे. काम तेच शे, शिरीन. मान बी तोच. फक्त सही शीला करी. तू तिले शिकाड."

"आनि माले?"

"तुले काय? तू शेच ना."

*

शीला हेमकांतच्या चुलतभावाची मुलगी. लोणखेड्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, लग्नाचं पाहायला सुरुवात झालेली. तिला पांढरा कोट आला, केसांवर घालायची जाळीची टोपी आली, काचेच्या खोलीत टेबल आलं आणि टेबलावर ओलावा मोजायचं एक यंत्र आलं. दारावर पाटी लागली: कु. शीला पाटील, प्रतवारी प्रमुख. गळ्यात फोटोचं ओळखपत्र.

पोरगी वाईट नव्हती. तिला मिरचीतलं काही कळत नव्हतं आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या दिवशी तिने गोणीत हात घातला आणि तोच हात डोळ्याला लावला. अर्धा दिवस ती नळाखाली डोळा धरून बसली. शिरीनने तिला हाताला खोबरेल तेल लावायला शिकवलं. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांची एक पद्धत बसली. माल आला की दोघी ट्रॉलीपाशी जायच्या. शिरीन हात घालायची, मोडायची, वास घ्यायची आणि हलक्या आवाजात सांगायची. शीला लिहायची आणि खाली सही करायची.

पाहुणे असले की शिरीनने खोलीत यायचं नाही, असं ठरलं. मग पाहुणे नसले तरी यायचं नाही, असं आपोआप झालं. बायाही आता नव्या शेडमध्येच बसायच्या आणि तिला दोन दारं होती. समोरचं ऑफिसचं, मागचं बायांचं. हेमकांतने एकदा जाता जाता सांगितलं, "शिरीन, तू बी मांगलाच दारथीन येत जाय. कंपनीवाला कॅमेरामा देखतस." राग आला की शिरीन दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसायची. त्या दिवशी देठं खुडायची सोडून ती बराच वेळ तशी बसली. शेजारची नानीबाई तिच्याकडे बघत राहिली आणि तिच्या टोपलीतल्या मूठमूठ मिरच्या उचलून आपल्याबरोबर खुडत गेली.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत शीला डबा घेऊन मागच्या दाराने बाहेर आली आणि शिरीनजवळ पायरीवर बसली. नानीबाई पलीकडे भाकरीवर चटणी पसरत होती.

"ताई, एक इचारू? रागे भरश्यात का?"

"इचार."

"तुम्ही काय करेल व्हतं?"

शिरीनने घास गिळला. "शेजारनी बाईना डोयावर बत्ता मारा. एक डोया गया तिन्हा."

शीलाचा हात डब्यावरच राहिला.

"नळवर भांडन व्हयनं. ती मन्ही अम्मीले वंगाळ बोलनी. मी कुटी ऱ्हायंथी, बत्ता हातमाच व्हता." तिने सुपारीएवढा एक खडा पायरीवरून उचलून खाली टाकला. "कारन मोठं नव्हतं. लोके समजतस काही मोठं व्हई."

"ती बाई... आते?"

"शे ना. बजारमा दिसस. मी मान खाले घालस. ते मन्हं आनि तिन्हं शे, मरापर्यंत ऱ्हाई." ती पाणी प्यायली. "पन कोर्टनी तीन वरीस दिधात. त्या मी काढ्यात, एक दिन कमी नही. आते हाई पुढलं कोनी दिधं माले? कोनता जजनी? त्या सजाना कागद तरी दखाडा माले कोनी."

तिचा आवाज चढला नव्हता. शीलाने गळ्यातलं ओळखपत्र कोटाच्या आत सारलं.

"मी आठ दिन लॉकपमा व्हती," नानीबाई भाकरी मोडत मध्येच म्हणाली. डोंगरातली ही बाई बोलायची कमी. तिची बोली वेगळी, डोंगराखालची ही भाषा ती जपून वापरायची. "जंगलनी जमीन पेरी म्हनीसन. आम्हना पाडामा बठ्ठासवर केस शे. कोनी इचारस नही."

"तुन्हं नाव तरी कोठे लिखेल शे आठे, नानीबाई?" शिरीन म्हणाली.

नानीबाईने यावर विचार केला आणि ती मोठ्याने हसली. शिरीनलाही हसू आलं. शीला हसली नाही.

*

फेब्रुवारीत कंपनीचा माणूस तपासणीला आला. आदल्या दिवशी शेड धुतली गेली. बायांना टोप्या वाटल्या. तो गेल्यावर त्या परत गोळा करायच्या होत्या.

काचेच्या खोलीची खिडकी बायांच्या बाजूला उघडायची. ठसका बाहेर जावा म्हणून ती त्या दिवशीही उघडीच राहिली. शिरीन तिच्याखालीच बसली होती.

"एकोणतीस गाड्या," साहेबाचा आवाज आला. स्वच्छ पुणेरी मराठी. "एकही परत आली नाही. बाकीच्या पुरवठादारांचं आम्ही रोज काहीतरी ऐकतो. मॅडम, तुम्ही नेमकं करता काय?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गोणीच्या तळाला हात घालायचा," शीला म्हणाली. "यंत्र वरचं सांगतं. मिरची कानाशी हलवून बघायची. बिया वाजल्या पाहिजेत."

"वा! हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं?"

"नाही." शीला थांबली. "इथं एक ताई आहेत—"

"घरातच आहे आमच्या, साहेब," हेमकांत म्हणाला. "पिढ्यान् पिढ्या मिरचीत. रक्तातच आलं तिच्या."

साहेब कौतुकाने हसले. कागद उलटल्याचा आवाज आला. "आणि एक विचारायचं राहिलं. कामगारांपैकी कुणाची काही पोलीस केस, शिक्षा वगैरे? नियम आहे, म्हणून विचारतो."

"छे छे. तसलं कुणी नाही आपल्याकडे. सगळी घरची माणसं आहेत."

"मागे एकदा ट्रॅक्टरपाशी एक बाई दिसल्या होत्या कॅमेऱ्यात. सारख्या माल बघत होत्या. त्या कोण?"

"ती होय?" हेमकांत म्हणाला. "ती देठं खुडणारी बाई."

खिडकीखाली शिरीनच्या बोटांनी एक देठ खुडलं. मग दुसरं. नानीबाईने तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. आत फोटो काढला जात होता. कुणीतरी शीलाला जरा हसा म्हणत होतं.

संध्याकाळी टोप्या गोळा झाल्या. शिरीनने आपली टोपी इतरांच्या टोप्यांवर ठेवली आणि नेहमीसारखी पायी घरी गेली. आईने विचारलं तेव्हा "कुछ नहीं हुआ" म्हणाली. अंगावरची धूळ धुवायला तिला त्या दिवशी तीन बादल्या पाणी लागलं.

*

दोन दिवसांनी आभाळ आलं. हवा दमट झाली, पथारीवरची मिरची घाईघाईने गोळा करून झाकावी लागली. त्याच सकाळी तीन ट्रॉल्या माल घेऊन आल्या आणि कंपनीचा ट्रक भरण्यासाठी फाटकात उभा होता.

"शिरीन!" हेमकांतने हाक मारली.

शिरीन उठली नाही. तिच्यापुढे मिरचीचा ढीग होता. एक उचलायची, देठ खुडायचं, मिरची उजवीकडे, देठ डावीकडे.

"शिरीन! ऐकू येस ना?"

शीला धावत आली. तिच्या ओंजळीत तिन्ही ट्रॉल्यांमधल्या मिरच्या होत्या. "ताई, चला ना. ट्रक खोळंबेल शे. यंत्रमा बठ्ठं बराबर येई ऱ्हायनं, पन माले..."

"माले काय कळस, शीला? मी देठं खुडनारी बाई."

हे तिने सरळ, साध्या आवाजात सांगितलं. कुणी नाव विचारलं तर सांगावं तसं. शीलाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने काही म्हणायला तोंड उघडलं आणि तिला ठसकाच लागला. खोकत खोकत ती तिथेच उभी राहिली.

मग हेमकांत आला. तो शेडच्या तोंडाशी, गोळा करायच्या राहिलेल्या मिरचीच्या पट्ट्याच्या अलीकडे उभा राहिला. बायांचे हात मंदावले.

"काय नाटक शे हाई?"

"काम करी ऱ्हायनी, शेठ."

"ते काम सोड. माल देख पहिले."

"ते काम शीलानं शे. पाटीवर लिखेल शे."

हेमकांतने इकडेतिकडे पाहिलं. साठ बाया ऐकत होत्या. त्याने आवाज मऊ केला. "देख शिरीन. मी तुले कमी करेल शे का काही? गावमा कोनी उभं करी नही ऱ्हायंतं तुले. मी दिधं काम. तुन्हं बठ्ठं माहीत असताना दिधं. तुले घरनं मानूस समजस मी. कधी भेद करा का? सांग, आठे बठ्ठासमोर सांग."

शिरीन ऐकत होती आणि तिच्या हातांचा वेग वाढत होता. बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं. खिडकी, दार, पाटी, टोपी. चार वर्षांच्या हाका. तिने ओठ आत घेतले. एवढ्यात वाऱ्याची झुळूक ट्रॉल्यांवरून शेडकडे आली आणि तिच्या नाकाला तो वास लागला: उबट, गोडसर, ओल्या गोणपाटासारखा. बुरशी. मधल्या ट्रॉलीत असणार. तिच्यावरच ताडपत्री बांधलेली होती. तो माल ट्रकमध्ये चढला की दळला जाणार होता, पुड्यांमध्ये भरला जाणार होता आणि कुणाच्या तरी घरी वरणात पडणार होता. त्या घरच्यांचा या सगळ्याशी काय संबंध? तिने हातातली मिरची ढिगात टाकली, गुडघ्यावर हात टेकला आणि मधल्या ट्रॉलीकडे जाण्यासाठी ती झटक्यात उठली.

हेमकांत मागे सरला.

एकच पाऊल. खांदे आखडले, उजवा हात अर्धवट तोंडाशी आला, आणि पाय मागे पडला. दोघांमध्ये तीन हात अंतर होतं. शिरीनचे हात मोकळे होते.

शेडमध्ये सगळं थांबलं. हेमकांतने तोंडाशी आलेला हात तसाच वर नेऊन केसांवरून फिरवला, जणू तो त्यासाठीच उचलला होता. पण शिरीनने पाहिलं होतं. शीलानेही पाहिलं होतं. हा माणूस चार वर्षं तिच्या तोंडासमोर उभा राहून बोलला होता, तिने मोडलेली मिरची तिच्या हातातून घेऊन स्वतः हुंगली होती, त्याच्या लेकीच्या लग्नात तिला पंगतीत आग्रह केला होता. आणि आत, कुठेतरी, रोज, त्याने हे एक पाऊल तयार ठेवलं होतं.

तिला वाटलं होतं, अशा वेळी आपल्याला फार राग येईल. तसं झालं नाही. राग तर मघाच होता, दोन दिवस होता, दहा वर्षं होता. आता तो थंड आणि स्वच्छ झाला. तो कशावर ठेवायचा हे तिला कळलं होतं. तिने हात मांडीखाली दाबले नाहीत, पाठीमागे घेतले नाहीत. ते तसेच दोन्ही बाजूंना सोडून ती हेमकांतच्या समोरून चालत नळापाशी गेली. कोपरापर्यंत हात धुतले. तोंडावरचं फडकं सोडलं, झटकलं, खांद्यावर टाकलं.

"ताई," शीला तिच्या मागे आली होती. तिचे डोळे भरले होते. मिरचीने की कशाने, सांगता आलं नसतं.

"मधली ट्रॉली," शिरीन म्हणाली. "ताडपत्रीवाली. अख्खी परत धाड. बाकीन्या दोनीसमा तू हात घाल, पार तळले. वाजन्यात तरच सही कर. नही समजनं तर नको करू. कोनीबी सांगं तरी नको करू."

"आनि तुम्ही?"

मागच्या दाराकडे जाणारी वाट नळापासूनच होती. शिरीन वळली आणि समोरच्या, ऑफिसच्या दाराकडे निघाली.

"शिरीन," हेमकांत म्हणाला. तो अजून तिथेच उभा होता. आवाज त्याने नेहमीसारखा करून पाहिला. "तब्येत बरी नही का तुन्ही? रजा टाकू का आजनी?"

"टाका," ती म्हणाली. "आनि कारन बी लिखा."

"काय लिखू?"

ती दारात थांबली, मागे वळली आणि त्याच्या पायांकडे पाहत राहिली. शीलाने तिकडे पाहिलं. बायांनी पाहिलं. शेवटी हेमकांतनेही मान खाली घालून पाहिलं. मागे पडलेला त्याचा पाय चपलेसकट वाळत टाकलेल्या मिरचीत रुतला होता. टाचेखाली मूठभर मिरच्या चिरडून त्यांचं बी बाहेर आलं होतं. पाय मागे पडल्यापासून तो तसाच उभा होता.

शिरीन दारातून बाहेर पडली. ट्रकच्या बाजूने, फाटकातून, रस्त्यावर.

मग नानीबाई केरसुणी घेऊन उठली, हेमकांतच्या पायापाशी येऊन वाकली आणि आपल्या जपून वापरलेल्या खालच्या भाषेत म्हणाली, "शेठ, पाय काढा. माल शे खाले."